उतरता उन्हाळा: विदर्भात पाऱ्यापेक्षा वारा पाहा

मेचा दुसरा आठवडा उलटला की विदर्भात रोज संध्याकाळी एकाच आकड्याची विचारपूस होते. आज चंद्रपूर किती? अकोला किती? ब्रह्मपुरी किती? पारा पंचेचाळीसवर गेला की बातमी होते, आणि एक्केचाळीसवर आला की "चला, जरा उतरलं" म्हणत लोक राहिलेल्या कामाला लागतात. उतरत्या उन्हाळ्यात, म्हणजे साधारण १० मेपासून मॉन्सून टेकेपर्यंतच्या चार-पाच आठवड्यांत, ही सवय घात करते. चाऱ्याची गंजी जळणं, धुऱ्याची, म्हणजे बांधावरच्या गवत-काडीची आग जंगलात शिरणं, वीज पडणं आणि पेरणी फसणं, या चारही गोष्टी कमाल तापमानावर फारशा ठरत नाहीत. त्या ठरतात वाऱ्यावर आणि हवेतल्या ओलाव्यावर. त्यातही पारा उतरतो त्याच दुपारी वारा उठण्याची शक्यता जास्त असते.

म्हणून अंदाज हाती आला की त्यात विदर्भातल्या माणसाने काय शोधायचं आणि ते सापडल्यावर वावरात, गोठ्यापाशी, जंगलाच्या कडेला काय करायचं, ते इथे सविस्तर मांडतो आहे.

आधी अंदाजांचे प्रकार. भारतीय हवामान विभाग मार्चच्या तोंडावर मार्च ते मे आणि एप्रिलच्या तोंडावर एप्रिल ते जून असा हंगामी अंदाज देतो. त्यातले रंगीत नकाशे शक्यतेचे असतात. सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा कमी असे तीन कप्पे, आणि काहीच माहिती नसेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ३३ टक्के. विदर्भावर "जास्त तापमानाची शक्यता ५५ टक्के" असं दिसलं तर पारडं जड आहे एवढंच त्यातून कळतं. कुठला आठवडा तापणार हे त्यातून काढता येत नाही. चारा कुठे साठवायचा, विहिरीचं पाणी कितपत पुरवायचं, असल्या निर्णयांपुरता तो उपयोगी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांसाठी दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज बघावा. पाच दिवसांसाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय अंदाज आणि आज दुपारसाठी दर तीन तासांनी येणारा तात्कालिक इशारा. उतरत्या उन्हाळ्यात या शेवटच्या इशाऱ्याचं मोल सगळ्यात जास्त आहे, आणि तोच सगळ्यात कमी वाचला जातो.

"उष्णतेची लाट" हा शब्द विदर्भात जरा जपून वाचायचा. मैदानी भागासाठी निकष असा: कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त हवं. त्याहून जास्त फरक असेल तर तीव्र लाट. किंवा मग सरासरी काहीही असो, पारा थेट ४५ ला गेला तर लाट आणि ४७ ला गेला तर तीव्र लाट. हे उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस घडावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. आता नागपूरची मे महिन्यातली सरासरीच ४२ च्या वर आहे. तिथे ४४ अंशांचा दिवस कुठल्याही निकषात बसत नाही, म्हणून इशाऱ्याचा रंग हिरवा राहू शकतो. पण ४४ अंशांत टिनाखाली झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला लाट जाहीर झाली की नाही याने काही फरक पडत नाही. तेव्हा लाट नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढू नका.

फिरणाऱ्या आकड्यांबद्दलही एक सांगायला हवं. नागपूरचा नोंदलेला उच्चांक ४७.९ अंश आहे, २३ मे २०१३ चा. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो आकडा देशभर फिरला. संवेदक बिघडल्याचं हवामान विभागाने लगेच स्पष्ट केलं. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राचे ५२.९ अंशही तीन अंशांनी चढे निघाले. स्वयंचलित केंद्र बिघडू शकतं. गच्चीवर, डांबराशेजारी किंवा गाडीत दिसणारं तापमान तर हवेचं तापमानच नसतं. ते सावलीत, हवेशीर पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजावं लागतं. एकटाच आकडा शेजारच्या केंद्रांपेक्षा पाच-सात अंशांनी उंच दिसला तर तो पुढे पाठवू नका.

आता मुख्य गोष्ट. आगीच्या जगात तीन तिसांचा एक ठोकताळा वापरतात: तापमान ३० च्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर. तिन्ही एकत्र आले की लागलेली आग हाताबाहेर जाते. विदर्भात मेच्या दुपारी पहिल्या दोन अटी रोज पुऱ्या झालेल्याच असतात. तापमान ४२, आर्द्रता १० ते २० टक्के. म्हणजे आजचा दिवस कसा, हे एकटा वारा ठरवतो. म्हणून अंदाजात आधी वारा पाहा: दिशा कुठली, वेग किती, झोत किती. कमाल तापमान नंतर पाहिलं तरी चालेल.

पाला किती कोरडा हे आर्द्रतेवर ठरतं, आणि ते फार झटपट बदलतं. बोटापेक्षा बारीक काडी, पाला, गवत हे हवेशी तास-दोन तासांत जुळवून घेतात. आर्द्रता १० टक्क्यांवर असेल तर पाल्यातला ओलावा तीन-चार टक्क्यांवर येतो. तो हातात चुरगळला की चहापत्तीसारखा भुगा होतो, आणि असा पाला एका ठिणगीने पेटतो. याचा उलटा अर्थही लक्षात घ्या. अवकाळीची पाच मिलिमीटर सर आली, माती महकली, लोकांना वाटलं आता आठवडाभर आगीची काळजी नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की दुपारी दोनपर्यंत वरचा पाला पुन्हा कुरकुरीत झालेला असतो. सागाचं पान तर मोठं आणि वाकलेलं, पानापानांत हवा खेळती राहते, त्यामुळे ते भिजतंही लवकर आणि वाळतंही लवकर. एका सरीने मिळते ती फक्त एका दिवसाची उसंत.

हे वारे येतात कुठून? मेमध्ये हवामानाच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: "विदर्भापासून केरळपर्यंत द्रोणीय रेषा सक्रिय." समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर हवेच्या कमी दाबाचा हा लांब पट्टा मराठवाडा, कर्नाटकावरून खाली जातो. त्याच्या पश्चिमेला वायव्येकडून येणारी कोरडी तापलेली हवा, पूर्वेला बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा. पट्टा जिथे असेल तिथे दुपारनंतर ढग उभे राहतात. तो पूर्वेला सरकला तर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात गडगडाट आणि अकोला, बुलढाण्यात कोरडं. तो पश्चिमेला आला की उलटं. त्यामुळे "विदर्भात पाऊस" हे वाक्य अपुरं आहे. यवतमाळच्या माणसाने पट्टा आपल्या कुठल्या अंगाला आहे ते पाहावं.

अंदाजातले शब्दही ठरलेल्या मापाचे असतात. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. "काही ठिकाणी" म्हणजे पावापासून अर्ध्यापर्यंत. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे अर्ध्याहून जास्त आणि "बहुतांश ठिकाणी" म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त. मेमध्ये विदर्भाच्या वाट्याला येतं ते "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा". आपण त्यातला पाऊस वाचतो आणि वारा सोडून देतो. खरं तर पाऊस चारातल्या एका ठिकाणी पडणार, पण वाऱ्याचा झोत त्या ढगापासून दहा-वीस किलोमीटरपर्यंत पोचणार. पाऊस नाही आणि वारा मात्र आला, असं बहुतेक गावांच्या नशिबी येतं.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मेमधल्या ढगाचा तळ खूप उंच असतो, दोन-तीन किलोमीटर किंवा त्याहूनही वर. खालची हवा कोरडी ठणठणीत. थेंब खाली येता येता वाटेतच वाळून जातात. ढगाखाली राखाडी झालरी लोंबताना दिसतात, पण जमिनीला थेंब लागत नाही. थेंब वाळताना हवा गार होते. गार हवा जड, ती धपकन खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चहूकडे पसरते. तोच सोसाट्याचा वारा. पंधरा मिनिटांत तापमान आठ-दहा अंशांनी उतरतं, धुळीची भिंत येते आणि माणसाला वाटतं, सुटलो. त्या क्षणी कुठे धुमसता धुरा असेल तर तो उठतो.

आगीच्या बाबतीत या वाऱ्याची सगळ्यात वाईट खोड म्हणजे तो दिशा बदलून येतो. दुपारी वायव्येचा वारा होता. धुऱ्यावरून पेटलेली आग आग्नेयेकडे पळाली, तोंड पन्नास मीटर रुंद आणि मागे अर्धा किलोमीटर लांब जळती कड. लोक तोंडाशी भिडलेले. तेवढ्यात नैऋत्येला ढग कोसळला आणि वारा तिकडून आला. आता ती अर्ध्या किलोमीटरची कड एकदम तोंड झाली, आणि तिच्यासमोर जे उभे होते त्यांना पळायला जागा राहिली नाही. म्हणून आग विझवताना एक माणूस फक्त आभाळाकडे बघायला ठेवा. ढग ज्या अंगाला उभा आहे, वारा तिकडून येणार असं धरून चाला.

विझवण्याची पद्धतही सांगतो. सुरुवात आगीच्या शेपटाकडून करायची, म्हणजे जिथून ती पेटली तिथून, आणि दोन्ही कडा दाबत तोंडाकडे सरकायचं. पाय जळून गेलेल्या काळ्या जागेवर ठेवायचे, कारण पळायची वेळ आली तर तीच जागा सुरक्षित. चढावर आगीच्या वर कधीही उभं राहायचं नाही. पळसाची किंवा कडुनिंबाची हिरवी डहाळी, नाहीतर ओलं बारदान ज्वाळेच्या बुडाशी दाबायचं आणि जळलेल्या बाजूला ओढायचं. डोक्यावरून उचलून झोडपलं तर निखारे उडून मागच्या गवतात पडतात, आणि हे फार घडतं. कपडे सुती आणि अंगभर, पायात बूट. नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

पाठीवरचा १५-१६ लिटरचा फवारणी पंप ही घरोघरी असलेली चांगली वस्तू आहे, फक्त तो आधीच तीनदा धुऊन ठेवलेला हवा. टाकीत कीटकनाशकाचा उरलेला अंश असेल तर तापलेल्या हवेत त्याची वाफ छातीत जाते, आणि बऱ्याच तेलकट औषधांतलं द्रावण स्वतःच पेट घेतं. मेच्या सुरुवातीलाच पंप धुवा, वॉशर बदला, साध्या पाण्यावर चालवून बघा आणि भरून गोठ्याच्या दाराशी टांगा. जोडीला २०० लिटरचा ड्रम, चार बारदानं, दोन फावडी. फवारा ज्वाळेच्या शेंड्यावर मारून पाणी वाया घालवू नका. बुडाशी मारा.

जळणाऱ्या वस्तूंमध्ये पहिला नंबर पऱ्हाटीचा. कापसाचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचतात आणि ती मेपर्यंत तशीच असते. ती गुलाबी बोंडअळीचं घर आहे हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आगीचं सरपण आहे हे मी सांगतो. जानेवारी-फेब्रुवारीत श्रेडरने बारीक करून वावरात मिसळली तर दोन्ही प्रश्न तिथेच संपतात. मेपर्यंत राहिलीच असेल तर निदान ती धुऱ्यावरून उचलून वखरलेल्या मोकळ्या जमिनीच्या मध्यभागी आणा.

दुसरा नंबर गंजीचा. सोयाबीन-तुरीचं कुटार, ज्वारीचा कडबा, पूर्वेकडे धानाचं तणस. गंजीभोवती पाच मीटरचा पट्टा उघड्या मातीपर्यंत खरडलेला हवा. वखराच्या दोन पाळ्यांचं हे काम आहे. घरापासून आणि गोठ्यापासून निदान वीस मीटर लांब, दोन गंज्यांमध्ये दहा मीटर मोकळी जागा. सगळा चारा एका जागी रचू नका, कारण जळाली तर सगळी जळते आणि ढोरांना जूनमध्ये खायला काही राहत नाही. आणि विजेच्या तारेखाली गंजी नको. पंचेचाळीस अंशांत तार तापून लांबते, झोल पडतो. सोसाट्याच्या वाऱ्यात दोन तारा एकमेकींना घासल्या की वितळलेल्या धातूच्या ठिणग्या खाली पडतात. आपल्या वावरावरच्या लोंबत्या तारांची तक्रार मेच्या आधी लेखी द्या आणि पोच घ्या.

गंजीची आणखी एक आग आहे, तिला ठिणगी लागतच नाही. अवकाळीत भिजलेलं कुटार तसंच दाबून रचलं की आत कुजणं सुरू होतं आणि उष्णता कोंडते. दोन ते सहा आठवड्यांत आतून पेट घेण्याइतकी ती वाढू शकते. तपासायचं असेल तर सब्बल, म्हणजे पहार, गंजीच्या पोटात खुपसा, वीस मिनिटं ठेवा, बाहेर काढून आतलं टोक हातात धरा. धरवत नसेल इतकं तापलं असेल किंवा गुळमट-जळका वास येत असेल तर गंजी फोडावी लागेल. पण फोडण्याआधी पाणी आणि माणसं तयार ठेवा. आत वारा शिरला की धुमसणारा भाग भडकतो.

आता धुरे जाळण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: मेमध्ये धुरा जाळू नये. तरीही जाळणारे सकाळी सहाला पेटवतात, वारा नाही म्हणून. आग आठला विझल्यासारखी दिसते, माणूस घरी जातो. बुडखे, शेणाचे गोवरे, जुनी मुळं धुमसत राहतात. साडेबाराला आर्द्रता तळाला जाते, वारा उठतो, आणि शेजारच्याच्या वावरात आग शिरते तेव्हा तिथे कोणी नसतं. सकाळी पेटवलेली आग दिवसाच्या वाईट होत जाणाऱ्या हवेत सोपवली जाते, ही यातली मूळ चूक. संध्याकाळी हवा सुधारत जाते हे खरं, पण मेमध्ये ढग कोसळायची वेळही चार ते आठच असते. दोन्ही वेळा अडचणीच्या. म्हणून कापा, गोळा करा, खड्ड्यात कुजवा. कुठे आग लागलीच आणि विझवली, तर राखेवरून उलट्या हाताने चाचपत जा. ऊब लागली तिथे खोदा, पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता परत फेरी मारा. या दुसऱ्या फेरीचा कंटाळा करू नका.

जंगलातली आग मुख्यतः मार्च-एप्रिलची. मोहफूल वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून झुडपं जाळतात. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो, जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढतो, ब्लोअरने पाला हटवतो. मेपर्यंत बराच पाला जळून किंवा कुजून गेलेला असतो, पण जिथे राहिला तिथे तो चार महिने उन्हात भाजलेला असतो. तेंदूतोडणीचे मजूर याच काळात पहाटे जंगलात असतात. विडीचं थोटूक, चहासाठी पेटवलेली चूल, यातून आग लागते. मोहाखाली पाला झाडून फांद्यांच्या घेराबाहेर दोन-तीन मीटर सरकवला किंवा जाळी अंथरली तर फूल स्वच्छही मिळतं. तेंदूला झुडपांच्या छाटणीनेही पालवी फुटते. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा जाळीचा आणि छाटणीचा उपयोग जास्त होतो असं मला वाटतं.

वणवा दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, अग्निशमनासाठी १०१, इतर मदतीसाठी ११२. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे नाव नोंदवलं तर उपग्रहाने टिपलेल्या आगींचे संदेश सामान्य माणसालाही मोबाईलवर मिळतात. त्याची मर्यादा ओळखून वापरा. ज्या उपग्रहांवर हे मुख्यतः चालतं ते दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास डोक्यावरून जातात. दुपारी तीनला लागलेली आग त्यांना दिसेल ती रात्रीच, आणि तीही ३७५ मीटरच्या चौकटीत कुठेतरी. संदेश आला नाही म्हणजे आग नाही, असं समजू नका. गावातल्या टेकाडावर बसलेला माणूस अजूनही उपग्रहाच्या आधी धूर बघतो.

रात्रीकडे आपलं लक्षच नसतं. एरवी रात्री हवा गार होते, आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत चढते आणि आग बसते. पण किमान तापमान ३० च्या खाली उतरलंच नाही आणि आर्द्रता पंचवीस-तीसवरच अडली, तर आग रात्रभर चालते आणि सकाळी ताज्या दमाने उठते. माणसाच्या शरीराचंही तसंच. दिवसाची उष्णता रात्री उतरली नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कोसळतो. हवामान विभाग कमाल ४० च्या वर असताना किमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त राहिलं तर "उष्ण रात्र" म्हणतो. अंदाजात हे दोन शब्द दिसले की घरातल्या म्हाताऱ्यांची आणि दमेकऱ्यांची चौकशी दिवसातून दोनदा करा.

आणि कूलर. विदर्भात याहून चांगला आर्द्रतामापक घरात नाही. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १० टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी वाळताना हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ते, साडेएकवीसच्या आसपास असतं. चांगल्या ताट्यांचा कूलर त्यातला पाऊण टप्पा गाठतो आणि सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची हवा देतो. जूनच्या सुरुवातीला हवा ४० अंश पण आर्द्रता ४० टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान साडेअठ्ठावीसवर जातं आणि तोच कूलर एकतीस अंशांची चिकट हवा फेकतो. कूलर बिघडलेला नसतो, हवा पालटलेली असते. पारा पाच अंशांनी उतरूनही जीव जास्त घाबरा होतो तो यामुळे. अशा वेळी पंपाचं पाणी बंद करून, खिडक्या उघडून नुसता पंखा चालवलेला बरा, आणि अंगमेहनतीचं काम सकाळी नऊच्या आत संपवलेलं त्याहून बरं.

विजेबद्दल थोडक्यात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी हे ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं. मोबाईलला रेंज नसेल तर लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वावर सोडून पक्क्या घरात जा. मोहाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली उभं राहू नका.

राहिला मॉन्सून. लोकांचा पंचांगाशी हिशेब असतो: २५ मेच्या सुमारास रोहिणी लागतं, त्याचे पहिले नऊ दिवस नवतपा, ७-८ जूनला मृग. बुलढाण्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि तिच्या भाकिताकडे पश्चिम विदर्भाचं लक्ष असतं. लोकांच्या मनातली तिची जागा मला कळते, पण पेरणीचा पैसा त्यावर लावू नये असंच मी सांगेन. मुंबईच्या पावसावर तर मुळीच लावू नये. २०२५ मध्ये मॉन्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, इतक्या लवकर मुंबईत तो कधीच आला नव्हता. मग अहिल्यानगर-आदिलाबादच्या रेषेवर जूनच्या मध्यापर्यंत अडून बसला. बहुतांश विदर्भ रेषेच्या वर, कोरडा, आणि जूनमध्ये पुन्हा तापला. २०२३ मध्ये उलटं. केरळात आगमनच ८ जूनला, त्यात अरबी समुद्रातल्या बिपरजॉय चक्रीवादळाने ओलावा स्वतःकडे ओढून धरला, ते १५ जूनला गुजरातच्या किनाऱ्याला लागलं, आणि विदर्भाला जूनच्या चौथ्या आठवड्यापर्यंत थांबावं लागलं. मुंबईची बातमी अरबी समुद्राच्या शाखेची. विदर्भाला, विशेषतः पूर्वेला, अनेकदा उपसागराची शाखा पाऊस देते. तेव्हा आपण उपसागराकडे पाहावं. ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन पश्चिमेला सरकतं आहे का, हा आपला प्रश्न.

हवा खरोखर पालटली का हे ओळखायला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते, पाहा, बहुतेक हवामान ॲपवर तो दिसतो. कडक कोरड्या दिवसांत तो पाच-दहा अंशांवर असतो. मॉन्सूनच्या हवेत तो बावीस-चोवीसवर चढतो आणि महत्त्वाचं म्हणजे दुपारीही तिथेच राहतो. सकाळी वीस आणि दुपारी बारा, असं असेल तर ती अवकाळीची उसनी ओल आहे. नैऋत्येचा वारा चार-पाच दिवस टिकून, रात्रंदिवस दवबिंदू वर राहिला, तर वाट पाहण्याजोगं काही आहे.

तरीही तिफण बाहेर काढण्याआधी जमीन विचारा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको, हा कृषी विभागाचा सल्ला काळ्या जमिनीसाठी अगदी नेमका आहे. मेअखेरीस या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. पहिला पंचवीस मिलिमीटर पाऊस त्या भेगांतच उतरतो, वरचे चार बोटं ओले दिसतात आणि मध्ये कोरडा थर राहतो. बी वरच्या ओलीवर फुगतं, मूळ खाली कोरड्यात शिरतं आणि आठ दिवसांची उघडीप आली की दुबार पेरणी. आपल्या महसूल मंडळाचा पाऊस महावेध या राज्याच्या प्रकल्पातल्या हवामान केंद्रावर बघा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्ला वाचा, आणि मग वावरात चार ठिकाणी कुदळीने एक वीत खणा. तळाची माती मुठीत दाबा. गोळा झाला, हातातून गुडघ्याच्या उंचीवरून सोडला आणि फुटला नाही, तर ओल पोचली आहे. भुगा झाला तर बियाण्याची पिशवी शिवलेलीच राहू द्या.